मिलिंद मोहितेचा डावा हात

मिलिंद मोहितेला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो एका कार्पेटच्या दुकानाच्या गाडीतून बाहेर पडत होता. 'उतरत होता' असं मुद्दाम म्हणत नाही, कारण ते उतरणं नव्हतं. गाडी एवढीशी, पांढरी, दोन्ही दारांवर दुकानाचं नाव आणि त्याखाली 'घरी येऊन मोफत माप घेऊ' असं लाल अक्षरांत लिहिलेलं. त्यातून आधी एक पाय आला, मग बराच वेळ काहीच आलं नाही, मग दुसरा पाय, आणि शेवटी मान वाकवून उरलेला माणूस. मला वाटलं, लेजर सेंटरला, म्हणजे तिथल्या खेळांच्या सार्वजनिक हॉलला, नवीन कार्पेट बसवताहेत. तो प्रोफेशनल बास्केटबॉल खेळाडू होता, आणि ती गाडी त्याच्या कराराचा भाग होती.

इंग्लंडमध्ये बास्केटबॉल पैसे घेऊन खेळतात हे तिथल्या लोकांनाही समजावून सांगावं लागतं. वर एक मोठी लीग असते, तिच्याखाली दोन-तीन पायऱ्या, आणि त्यातल्या खालून मोजायला सोप्या अशा पायरीवर आमचा स्लाऊचा क्लब होता, हेरन्स. संघातले बहुतेकजण हौसेनं खेळायचे. तिघेच काय ते पगारी: दोन अमेरिकन आणि मिलिंद. पगार म्हणजे इतर खेळाडूंबरोबरच्या घरात एक खोली, स्पॉन्सरची गाडी, आणि आठवड्यातून तीन दिवस प्रायमरी शाळांतून मुलांना बॉल आपटायला शिकवायचं काम. परदेशी खेळाडू किती घ्यायचे यावर बंधन असायचं, त्यामुळे ब्रिटिश पासपोर्टवाला जरा बरा खेळाडू असला की त्याला धरून ठेवत. मिलिंद जरा बरा होता.

मी नागपूरचा. आमच्या कॉलनीत सिमेंटचं बास्केटबॉलचं मैदान होतं आणि ज्याला दुसरं काही जमत नसे तो तिथे जायचा. कॉलेजच्या संघात मी तीन वर्षं होतो, त्यातली तिन्ही बेंचवर. बसून बसून स्कोअरशीट मात्र उत्तम भरायला शिकलो. सॉफ्टवेअरच्या कामासाठी स्लाऊला आलो, शनिवार-रविवार खायला उठायचे, तेवढ्यात लेजर सेंटरच्या फळ्यावर 'स्कोअरर पाहिजे' अशी चिठ्ठी दिसली. फुकटचं काम असल्यामुळे दुसरा उमेदवार नव्हता. पुढचे तीन सीझन मी हेरन्सच्या टेबलावर पेन्सिल घेऊन बसलो.

पहिल्याच मॅचला मिलिंद टेबलाशी आला, शीटवर माझं नाव वाचलं आणि वर पाहिलं.

"तू मराठी हायस?"

"हो. नागपूर."

"ऑलराइट, नागपूर," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून माझं प्रशांत हे नाव स्लाऊमध्ये फक्त पगाराच्या स्लिपवर उरलं.

त्याचं मराठी हा एक अजबखाना होता. लहानपणीच आईबरोबर पाटण तालुक्यातून इकडे आलेला. मराठी म्हणजे आई जे बोलायची ते, आणि आई जे बोलायची ते तिच्या गावानं केव्हाच मागं टाकलेलं. त्यावर स्लाऊच्या शाळेचं इंग्रजी. "माझी बाबा हितं फॅक्टरीत होता, मेट," असं तो अगदी सहज बोलून जायचा. मी सुरुवातीला दुरुस्त करायचो. मग लक्षात आलं की माझं इंग्रजी ऐकून त्यानं कधी एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं. मी दुरुस्त करणं सोडलं.

दारातून जाता-येताना तो उजव्या हाताची बोटं चौकटीला वर लावायचा. कुठलंही दार असो, ड्रेसिंग रूमचं, दुकानाचं, आईच्या स्वयंपाकघराचं. तिथल्या पांढऱ्या रंगावर त्याच्या बोटांचा तपकिरी डाग पडला होता आणि त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, दर दिवाळीला तो पुसायच्या. मॅचच्या आधी तो फॉइलमधलं थंड थालीपीठ उभ्यानं खायचा. बसायचा नाही, कारण बसलं की गुडघ्याची पुन्हा समजूत काढावी लागते, असं म्हणायचा. आमच्या हॉलच्या जमिनीवर सहा रंगांच्या रेषा होत्या: बॅडमिंटनच्या, नेटबॉलच्या, फुटबॉलच्या, आणि त्यांच्या गर्दीत कुठेतरी आमच्या काळ्या. पाहुणे संघ पहिली दहा मिनिटं गोंधळलेले असायचे. मिलिंदला आंधळी कोशिंबीर खेळवली असती तरी आपण काळ्या रेषेच्या आत आहोत की बाहेर ते त्यानं सांगितलं असतं.

त्याला डावा हात नव्हता. म्हणजे होता, पण खेळाच्या कामाचा नव्हता. आपल्याकडे सोप्या कामाला डाव्या हातचा मळ म्हणतात. मिलिंदच्या बाबतीत डाव्या हाताला काहीच सोपं नव्हतं. बॉल आपटत निघाला की उजवीकडूनच जाणार, हे दुसऱ्या मिनिटाला समोरच्या संघाला कळायचं आणि त्यांच्या बेंचवरून ओरडा सुरू व्हायचा, "नो लेफ्ट! ही'ज गॉट नो लेफ्ट!" मग बचाव करणारा सरळ त्याच्या उजव्या बाजूला जाऊन उभा राहायचा, आणि मिलिंद भिंतीसमोर आल्यासारखा थांबायचा. उंची सहा फूट दोन इंच. आपल्याकडे एवढ्या माणसाला लग्नात फोटोच्या मागच्या रांगेत उभं करतात. बास्केटबॉलमध्ये एवढा माणूस बुटक्यांत जमा, आणि बुटक्याचं सगळं पोट दोन्ही हातांवर.

या सगळ्याचा खुलासा त्याच्याकडे तयार होता आणि तो अगदी छोटा होता. दोन इंच आणि एक माणूस.

"फोर्टीनला मी सहा फूट दोन होतो, नागपूर. सगळा इंग्लंडमधी माझ्या एजचा कोण एवढा न्हवता. मी आत उभा राहायचो, बास्केटखाली. बॉल वर टाकला की माझा. आणि मग मी थांबला. एक इंच पण न्हाय वाढला. सगळी मला क्रॉस करून गेली. दोन इंच मिळालं असतं ना, फक्त दोन."

आणि माणूस म्हणजे इंग्लंडच्या ज्युनियर संघाचा तेव्हाचा कोच. त्यानं मिलिंदला दोन वर्षं कॅम्पला बोलावलं आणि अठराव्या वर्षी काही न सांगता नाव काढलं. मोठ्या लीगमधल्या क्लबनं एक सीझन बेंचवर ठेवून सोडलं. मग एक पायरी खाली, मग आणखी एक. सात क्लब, सात गाड्या. एका वर्षी गाडीवर मासळीवाल्याचं नाव होतं आणि ती पुसूनही वास जात नसे, हे तो हसत सांगायचा. कोचबद्दल सांगताना हसायचा नाही. "ही डिडंट लाइक माय फेस," म्हणायचा, आणि विषय संपायचा.

पण एक दिवस त्याच्याजवळ असा होता की जो कुठला कोच काढून घेऊ शकत नव्हता. पंधरा वर्षांखालच्या मुलांची नॅशनल फायनल. त्यात मिलिंदनं एकट्यानं अडतीस पॉइंट्स केले. त्याच्यावर डॅनी नावाचा एक चष्मेवाला मुलगा लावला होता, खांद्याला लागेल एवढा. मिलिंदनं त्याला असा काही धुतला की मॅच संपल्यावर डॅनी शॉवरमध्ये रडत बसला, टॉवेल डोक्यावर घेऊन. ही गोष्ट मी निदान वीस वेळा ऐकली असेल. शॉवरमध्ये रडणारा डॅनी आला की मिलिंदचा चेहरा असा उजळायचा की आम्हीही हसायचो. संघातल्या अमेरिकनांनाही ती पाठ होती. खराब हरलो की त्यांच्यातला कोणी तरी म्हणायचा, "मो, डॅनीचं सांग." मोहितेचं त्यांनी मो केलं होतं.

त्या फायनलची ट्रॉफी त्याच्या आईच्या घरी होती. मिलिंदचे वडील आधीच गेलेले, घरात काकू एकट्या. बावीस वर्षं बिस्किटांच्या फॅक्टरीत पॅकिंग केलेल्या, बोटं वाकलेली, पण पोळ्या लाटताना पाहावं. रविवारी मिलिंद मला जेवायला घेऊन जायचा. समोरच्या खोलीत काचेचं कपाट होतं, त्यात वरच्या फळीवर गणपती, आणि त्याच्या शेजारी एक पिवळा पितळी खेळाडू बॉल उंचावून उभा. बॉल एकदा तुटला होता, काकूंनी चिकटवलेला, जरा तिरका. सकाळी उदबत्ती ओवाळताना काकू ती दोघांसमोर फिरवायच्या, गणपतीच्या पुढ्यात दोन वेळा आणि खेळाडूच्या एक.

जेवताना काकूंची ठरलेली गोष्ट असायची ती विमानतळाची. नवऱ्याकडे पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हाची.

"ह्यो कडेवर न्हाई बसायचा. एवढा थोराड. तिथल्या सायबानं कागद बघितला, ह्याच्याकडं बघितलं, परत कागद बघितला. म्हणला, टू इयर्स? बिग बॉय! आन् हसला. मी आपली घाबरून गप."

"दोन वर्षांचा," मिलिंद मला म्हणायचा, "आणि लोकांला वाटायचा चार. बॉर्न फॉर इट, नागपूर." आणि आई त्याच्या पानात आणखी एक पोळी टाकायची.

आता जे सांगायचं आहे ते मी केलं. मुद्दाम नाही केलं, पण माझ्याच तोंडून झालं, आणि त्याला आज इतकी वर्षं झाली तरी त्या दुपारची आठवण आली की मला लाज वाटते.

तिसऱ्या सीझनचा मार्च होता. वेम्बलीला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातली मुलगी काकूंना कोणी सुचवली. मिलिंदला विचारलं तर म्हणाला, ओके, का न्हाय. मुलीकडच्यांनी पत्रिका मागितली. काकूंकडे होती ती गावच्या जोशीबुवांनी हातानं लिहिलेली, पिवळी पडलेली, कोपऱ्यांना हळदकुंकू. वेम्बलीवाल्यांना नीट छापील पाहिजे होती. त्या काळात आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या प्रत्येकाच्या लॅपटॉपवर कुंडलीचा एक प्रोग्रॅम असायचाच, कुणाच्या तरी आईनं भरायला लावलेला. काकू म्हणाल्या, "प्रशांत, तुझ्या मशीनवर काढ की बाबा." मी बसलो. शके, तिथी, नक्षत्र, आणि खाली जोशीबुवांनी कंसात इंग्रजी तारीखही दिलेली. मी ती भरली, वेळ भरली, गाव सापडेना म्हणून सातारा टाकलं. पडद्यावर पत्रिका आली, आणि कोपऱ्यात वय आलं. बत्तीस.

मी एकतीसचा होतो. मिलिंद तीसचा, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान, आणि या एका वर्षाच्या जोरावर मी त्याला तीन वर्षं उपदेश करत आलो होतो. तो चहाचे कप घेऊन आत आला, बोटं चौकटीला लावून. मी हसत म्हणालो, "काय मोहिते, तुम्ही तर आमच्यापेक्षा मोठे निघालात. आता मी तुम्हाला अहो म्हणतो."

"काय?"

"पत्रिकेत तू दोन वर्षांनी मोठा आहेस. दोन महिने कमी."

"मिस्टेक असेल."

"मिस्टेक न्हाई," काकू आतून म्हणाल्या. पोळीवरून हात न उचलता म्हणाल्या. "कागदाचं वय येगळं, पत्रिकेचं येगळं. सगळ्यांचंच असतंय. इकडं यायच्या वेळी पासपोर्ट काढताना तुझ्या चुलत्यांनी सांगितलं, पोराचं वय दोन वर्सं कमी लावा. पुढं नोकरीत दोन वर्सं जास्ती मिळत्यात. तलाठ्यानं दिला दाखला."

मला हे इतकं ओळखीचं होतं की मी आणखीच हसलो. माझ्या वडिलांचा जन्म एक जूनचा, काकांचा एक जूनचा, आत्याचाही एक जूनचा. शाळेत नाव घालायला गेलेल्या माणसाला तारीख आठवली नाही की मास्तर एक जून लावून मोकळे. आमच्या घरात कुणाचंही कागदावरचं वय खरं नाही आणि त्यानं कुणाचं काही बिघडलं नाही. हे सगळं मी मोठ्या रसानं मिलिंदला सांगू लागलो.

तो ऐकत नव्हता. त्यानं कप खाली ठेवले.

"नागपूर, अगेन वाच."

मी पुन्हा तारीख वाचली. तो मोजू लागला. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकवत, आईनं शिकवलं होतं तसा. करंगळीची तीन पेरं, मग पुढचं बोट. मध्ये चुकला, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग अंगठा एका पेरावर थांबला.

"सिक्स्टीन," तो म्हणाला. "फायनलला मी सिक्स्टीन होतो."

तेव्हा माझं हसणं थांबलं. खेळाडू नसलेल्या माणसाला यातलं काही कळणार नाही, पण मी तीन वर्षं बेंचवर का होईना बसलो होतो. चौदा आणि सोळा. त्या वयातली दोन वर्षं म्हणजे मुलगा आणि बाप्या. तो उंच होता कारण तो मोठा होता. वाढायचा थांबला कारण त्याचं वाढायचं वय संपलं होतं. बाकीच्यांचं अजून यायचं होतं. दोन इंच कुणी चोरले नव्हते. ते त्याचे कधी नव्हतेच. आणि मोठा असल्यामुळे त्याला नुसतं बास्केटखाली उभं राहून भागलं, म्हणून ज्या वयात बाकीची मुलं डावा हात घडवतात त्या वयात त्यानं तो घडवला नाही.

"आई, मग एअरपोर्टवर?" त्यानं विचारलं.

काकू हसत बाहेर आल्या, पिठाच्या हातानं. "तो सायब म्हणला की, बिग बॉय."

"हां," मिलिंद म्हणाला. "बिग बॉय." आणि त्यानं आईला आणखी काही विचारलं नाही. जेवताना दोनच पोळ्या खाल्ल्या, नेहमी पाच खायचा. मला गाडीनं घरी सोडलं. मी आपला तोंड वर करून, पत्रिका बुधवारपर्यंत छापून आणतो, एवढंच म्हणालो.

पुढच्या सहा मॅचेस मी टेबलावरून पाहिल्या. तो खेळत होता, पळत होता, कुणाला काही वेगळं दिसलं नसेल. माझ्या शीटवर दिसत होतं. त्याच्या नावापुढचे रकाने रिकामे राहू लागले. बॉल आला की तो दुसऱ्याला द्यायचा. शेवटच्या होम मॅचला आम्ही एका पॉइंटनं मागे होतो, घड्याळात चार सेकंद, आणि बॉल मिलिंदच्या हातात, बास्केटच्या खाली, आसपास कुणी नाही. तीच जागा, जिथे तो लहानपणापासून उभा होता. मी दोन पॉइंट्स लिहायला पेन्सिल टेकवलीसुद्धा. त्यानं वर रिंगकडे पाहिलं आणि बॉल कोपऱ्यात उभ्या असलेल्या अमेरिकनाकडे फेकला. अमेरिकनाला अपेक्षा नव्हती. त्याच्या हातून निसटून बॉल रेषेबाहेर गेला आणि हॉर्न वाजला. दारात बॅडमिंटनवाले जाळी बगलेत धरून घड्याळ बघत उभे होते, ते लगेच आत आले.

कोच कीथ शिव्या देणाऱ्यांतला नव्हता. मिलिंद टेबलावरून बाटली उचलायला आला तेव्हा त्यानं फक्त विचारलं, "व्हाय, मो?" मिलिंद म्हणाला, "डोन्ट नो." मे महिन्यात क्लबनं सांगितलं की पुढच्या सीझनला त्याची गरज नाही. खोली महिनाअखेर सोडायची, गाडी कार्पेटवाल्याला परत. वेम्बलीच्या लोकांनी पत्रिका उत्तम जुळते असं कळवलं होतं. नोकरी गेल्याचं कळल्यावर फोन येणं थांबलं.

गाडी परत करायच्या आधीच्या शनिवारी सकाळी त्यानं माझ्या दारात हॉर्न वाजवला. बाजूच्या सीटवर ट्रॉफी होती.

"मांडीवर घे," तो म्हणाला. "बॉल सांभाळ, चिकटवलेला आहे."

"कुठे चाललोय?"

"रेडिंग. डॅनीकडं."

जुन्या ओळखीतून त्यानं पत्ता काढला होता. डॅनीचं टायरचं गॅरेज होतं. मी वाटेत त्याला खूप समजावलं. म्हटलं, सोळा वर्षं झाली, त्याला काय त्याचं. म्हटलं, तुला तरी कुठे माहीत होतं. तो गाडी चालवत राहिला. एवढंच म्हणाला, "त्याचा आहे. देऊन टाकतो."

डॅनी आता जाडा झाला होता, टक्कल, चष्मा दोरीनं गळ्यात. त्यानं मिलिंदला ओळखलं, आणि तेही चटकन. मिलिंदनं जे सांगायचं ते उभ्या उभ्या सांगितलं, इंग्रजीत, पाठ केल्यासारखं: माझं वय चुकीचं होतं, मला माहीत नव्हतं, ही तुझी आहे. डॅनी हात पुसत ऐकत होता. मग त्यानं जे उत्तर दिलं ते अगदी सहज दिलं, कुणी पावसापाण्याचं बोलावं तसं. म्हणाला, अरे, ते आम्हाला सगळ्यांनाच माहीत होतं. मिनीबसमध्ये आमच्या कोचनं सांगितलं होतं, तो पोरगा पंधराच्या आतला नाही, त्याला दाढी आहे, मनाला लावून घेऊ नका. पुढे इंग्लंडच्या कॅम्पवरही लोक तेच बोलायचे म्हणे. वर्षभरानं मी खेळ सोडला, पण तो परीक्षेमुळे.

मग मिलिंदकडे नीट बघून त्यानं विचारलं, "यू डिडंट नो?"

मिलिंदनं ट्रॉफी तशीच पुढे धरली. डॅनीनं ट्रॉफी हातात घेऊन पाहिली, तिरक्या बॉलवरून बोट फिरवलं आणि परत दिली. हे घेऊन मी काय करू, मेट, म्हणाला. ठेव तुझ्याकडेच. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. एक बाई पंक्चर घेऊन आली आणि तो तिच्याकडे वळला.

परत येताना मोटरवेवर मिलिंद म्हणाला,

"त्या कोचला पण माहीत होता. इंग्लंडच्या. आणि मी सगळ्यांला सांगत होतो, त्यानं मला चीट केला."

"चूक कागदाची होती रे. तू काय केलंस?"

"बॉल कागदाच्या हातात न्हवता, नागपूर."

मी मांडीवरच्या ट्रॉफीचा चिकटवलेला बॉल हातानं धरून बसलो.

ट्रॉफी त्यानं आईच्या कपाटात परत ठेवली. नाहीतर तिनं विचारलं असतं. चहा घेऊन आम्ही निघालो तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्वयंपाकघरातून बाहेर येताना त्याचा हात वर गेला नाही. आईला त्यानं कधीच काही सांगितलं नाही. एकदा मी विषय काढला तर म्हणाला, "ती काय समजणार? तिला वाटतं तिनं मला दोन वर्षं गिफ्ट दिली." आणि खरंच, काकूंचं चुकलं असं मलाही म्हणवत नाही. पोराला दोन वर्षं जास्त मिळावीत म्हणून त्यांनी ती लावली होती. चौतीस-पस्तिशीत संपणाऱ्या धंद्यात ती कशी मोजली जातील हे पाटण तालुक्यात कुणाला कळणार होतं.

मिलिंद ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे स्लाऊच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या, एका गोदामात लागला. तिथे उंच फळ्यांवरची खोकी काढायला त्यालाच बोलवत, असं काकू कौतुकानं सांगायच्या. सप्टेंबरात माझी बदली एडिनबराला झाली. जायच्या आदल्या रविवारी सकाळी मी स्कोअररची पिशवी परत द्यायला लेजर सेंटरला गेलो. घड्याळ, फाउलच्या पाट्या, पेन्सिली. सीझन सुरू झाला नव्हता, हॉल रिकामा असेल म्हणून गेलो.

हॉलमध्ये मिलिंद होता. प्रेक्षकांच्या सहा प्लॅस्टिकच्या खुर्च्या त्यानं एका ओळीत अंतरा-अंतरानं मांडल्या होत्या आणि तो त्यांच्यामधून बॉल आपटत नागमोडी जात होता. डाव्या हातानं. बारा वर्षांच्या मुलांना शिकवतात तो पहिला धडा. तिसऱ्या खुर्चीपाशी बॉल त्याच्या बुटावर आपटून पळाला. त्यानं आणला, पुन्हा पहिल्या खुर्चीपासून सुरुवात केली.

मी पिशवी ठेवली. "आता कशासाठी रे?"

"बघायचा आहे." तो धापा टाकत होता. "हे पण शिकलो असतो, टायमावर, बाकीच्या पोरांसारखा, तर मी चांगला झालो असतो का. तेवढाच बघायचा आहे."

"मग? काय वाटतं?"

हे मी विचारायला नको होतं. त्यानं डावा तळवा उलटा-सुलटा करून पाहिला, बाजारात भाजी बघावी तसा.

"अजून न्हाय कळत," तो म्हणाला. मग, "जा, नागपूर. तिकडं थंडी जास्त आहे. आईनं तुझ्यासाठी थालीपीठ ठेवलंय, जाताना घेऊन जा."

मी हात पुढे केला. त्यानं मिळवला, उजवा, आणि लगेच तो मागे नेऊन शॉर्ट्सच्या इलॅस्टिकमध्ये खोचला, पाठीमागे, म्हणजे मध्येच मदतीला यायला नको. मी बाहेर आलो. दाराला जाळीची काच होती, तिच्यातून वळून पाहिलं. चौथ्या खुर्चीपर्यंत गेला होता, तिथे बॉल खुर्चीच्या पायाला लागून हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला गेला. तिथल्या दारानं बॅडमिंटनवाले आत येत होते. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्यानं बॉल अडवला आणि त्याच्याकडे फेकला, चांगला छातीच्या उंचीवर. मिलिंदचा उजवा हात इलॅस्टिकमधून सुटून पुढे आला, अर्ध्या वाटेवर थांबला, आणि परत पाठीमागे गेला. डावा वर उचलेपर्यंत बॉल त्याच्या बाजूनं निघून गेला होता. तो वळला आणि बॉल आणायला भिंतीकडे चालत गेला.